६×८ च्या जाळीचं मेट्रिक डायमेन्शन २ की ३? आणि कुठल्याही ग्राफसाठी ते काढायचं कसं?

ग्राफ म्हणजे शिरोबिंदू (ठिपके) आणि त्यांना जोडणाऱ्या कडा; दोन शिरोबिंदूंमधलं अंतर म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेवरच्या कडांची संख्या. काही शिरोबिंदू लँडमार्क म्हणून निवडले की त्यांच्यापासूनच्या अंतरांची यादी हा प्रत्येक शिरोबिंदूचा कोड. सगळ्यांचे कोड वेगळे यायला कमीत कमी जितके लँडमार्क लागतात, ते मेट्रिक डायमेन्शन.

तुम्ही ६ ओळी आणि ८ रकान्यांची जाळी घेऊन कर्णाच्या दोन टोकांना लँडमार्क ठेवलेत. पुष्कळ शिरोबिंदूंचे कोड सारखे आले, म्हणून तिसरा लँडमार्क लागेल असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही, डायमेन्शन २ च आहे. तुमची फक्त जागा चुकली.

ओळींना ० ते ५ आणि रकान्यांना ० ते ७ क्रमांक द्या. ओळ र, रकाना स. वरच्या डाव्या कोपऱ्यापासूनचं अंतर र + स, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यापासूनचं १२ − (र + स). पहिलं कळलं की दुसरं मोजायची गरजच नाही. ४८ शिरोबिंदूंना मिळून कोड फक्त १३, त्यामुळे (२, ३) आणि (३, २) या दोघांनाही (५, ७) येतो. आता दुसरा लँडमार्क वरच्या उजव्या कोपऱ्यात हलवा. तिथून अंतर र + ७ − स. दोन अंतरांची बेरीज २र + ७, त्यातून ओळ मिळते. वजाबाकी २स − ७, त्यातून रकाना. (२, ३) ला (५, ६) आणि (३, २) ला (५, ८). एका लँडमार्कवर भागत नाही, कारण कोपऱ्याचेसुद्धा दोन शेजारी दोघेही १ अंतरावर असतात. डायमेन्शन १ असणारे ग्राफ म्हणजे फक्त पथ, म्हणजे एका रांगेत जोडलेले शिरोबिंदू.

सम चक्रातही (सम संख्येच्या शिरोबिंदूंच्या बंद कड्यातही) हाच सापळा आहे: अगदी समोरासमोरचे दोन शिरोबिंदू चालत नाहीत, बाकी कुठलेही दोन चालतात. आणि तुमची जाळी दोन्ही बाजूंनी गुंडाळून टोरस केलीत, तर ६ आणि ८ दोन्ही सम असल्यामुळे ४ लँडमार्क लागतात. त्यातली एक जरी संख्या विषम असती तरी ३ पुरले असते.

आता इतर ग्राफ. चालणारा संच सापडला की बरेच जण तिथेच थांबतात, पण त्यातून फक्त वरची मर्यादा मिळते. खरं काम ‘याहून कमी चालत नाही’ हे दाखवण्यात आहे, आणि त्यासाठी दोन साधनं आधी वापरून बघा.

पहिलं, जुळे शिरोबिंदू. दोन शिरोबिंदूंचे एकमेकांशिवायचे सगळे शेजारी सारखेच असतील, तर तिसरा कुणीही त्यांना वेगळं ओळखू शकत नाही. अशा गटातला एक सोडून बाकी सगळे संचात घ्यावेच लागतात. न शिरोबिंदूंच्या पूर्ण ग्राफला (ज्यात प्रत्येक जोडीत कड असते) न − १ लागतात ते यामुळेच.

दुसरं, मोजणी. क लँडमार्क असतील आणि व्यास (ग्राफमधलं सर्वांत मोठं अंतर) ड असेल, तर लँडमार्क नसलेल्या शिरोबिंदूच्या कोडमधली प्रत्येक संख्या १ ते ड यांतली असते. म्हणजे एकूण शिरोबिंदू जास्तीत जास्त क + डचा क-वा घात. पीटरसन ग्राफ बघा: १० शिरोबिंदू, व्यास २. क = २ घेतल्यास मर्यादा ६, म्हणजे अपुरी; क = ३ घेतल्यास ११. म्हणून किमान ३. ते पुरतात का? शिरोबिंदू म्हणजे १ ते ५ मधल्या जोड्या, आणि जोड्यांत एकही अंक समान नसेल तर कड. १२, १३, १४ हे लँडमार्क घ्या. १५ ला २२२, २३ ला २२१, २४ ला २१२, ३४ ला १२२, २५ ला २११, ३५ ला १२१, ४५ ला ११२. सातही वेगळे. संभाव्य आठांपैकी फक्त १११ रिकामा राहतो, इतकं हे घट्ट बसतं!

ट्रीसाठी, म्हणजे चक्र नसलेल्या जोडलेल्या ग्राफसाठी (पथ सोडून), सरळ सूत्र आहे: पानांच्या (एकच शेजारी असलेल्या शिरोबिंदूंच्या) संख्येतून, ज्यांना किमान एक पाय आहे असे कोटी (शेजाऱ्यांची संख्या) ३ किंवा जास्त असलेले शिरोबिंदू वजा करा. पाय म्हणजे त्या शिरोबिंदूपासून पानापर्यंत जाणारी, मध्ये फाटा नसलेली वाट. चूक होते ती पाय नसलेले शिरोबिंदूही मोजल्यामुळे. मधला एक शिरोबिंदू तिघांना जोडलेला आणि त्या तिघांना प्रत्येकी दोन पानं, असा ट्री घ्या. कोटी ३ चे शिरोबिंदू चार आहेत, पण मधल्याला पाय नाही. म्हणून ६ − ३ = ३; ६ − ४ = २ नव्हे. पानांच्या तीन जुळ्या जोड्या आहेत, तेव्हा तीनपेक्षा कमी शक्यच नाही.

सर्वसाधारण ग्राफसाठी प्रश्न एनपी-हार्ड आहे (नेहमी झटपट चालणारी पद्धत माहीत नाही), त्यामुळे प्रोग्राम लिहा. प्रत्येक शिरोबिंदूपासून बीएफएस (जवळच्यांपासून थराथराने पुढे जाणारा शोध) चालवून अंतरांचं कोष्टक करा. प्रत्येक शिरोबिंदूला ०-१ चल द्या (१ म्हणजे लँडमार्क), सगळ्या चलांची बेरीज लहानात लहान करायला सांगा आणि प्रत्येक जोडीमागे एक अट लिहा: त्या जोडीला वेगवेगळी अंतरं देणाऱ्या शिरोबिंदूंच्या चलांची बेरीज किमान १. तुमच्या जाळीत अशा ११२८ अटी होतील, अशी गणितं सोडवणाऱ्या आजच्या कुठल्याही सॉल्व्हर प्रोग्रामला त्या किरकोळ आहेत. ग्रीडी पद्धत (दर वेळी सर्वांत जास्त जोड्या वेगळ्या करणारा शिरोबिंदू घेणं) चालते, पण तिचं उत्तर लहानात लहान असेलच असं नाही. संचातला एकही लँडमार्क काढता येत नाही, एवढ्यावर तो सर्वांत लहान ठरत नाही.

अटी लिहिताना फक्त कडांवर लूप चालवू नका, सगळ्या जोड्या घ्या. फक्त शेजारी वेगळे ओळखायचे हा निराळा प्रश्न आहे, त्याला लोकल मेट्रिक डायमेन्शन म्हणतात. तुमच्या जाळीत कुठलाही एकच शिरोबिंदू तेवढं काम करतो, आणि प्रोग्राम बिनधास्त १ छापून मोकळा होतो.