पन्नाशीतल्या हार्ड रॉक बँडने नवा अल्बम आणि मराठवाड्याचा दौरा कसा आखावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजातला हार्ड रॉक बँड पुन्हा जमलाय, सगळे पन्नाशीतले, आठ नवी गाणी बांधून झालीत. आता आधी अल्बम आणि मग संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर असा दौरा करायचाय, तर स्टुडिओ कधी बुक करायचा?

स्टुडिओ थांबू द्या. आधी गायकाचा गळा तपासा. स्टुडिओत दहाव्या टेकला (म्हणजे दहाव्यांदा रेकॉर्ड करताना) कसाबसा लागलेला वरचा सूर दौऱ्यात लागोपाठ तिसऱ्या रात्री लागत नाही, आणि समोरच्यांनी ऐकलेला असतो तो अल्बमच. आठही गाणी एका बैठकीत, पूर्ण आवाजात, उभं राहून गायला लावा. शेवटच्या दोन गाण्यांत गळा जिथे आरामात बसतो, तीच तुमची पट्टी. अर्धा स्वर खाली उतरण्यात कमीपणा मानू नका. मेटालिका कित्येक वर्षं स्टेजवर अर्धा स्वर खालीच वाजवते, गन्स अँड रोझेस तर पहिल्या अल्बमपासून.

मात्र अर्धा स्वर उतरलात की तारेचा ताण साधारण 11 टक्के कमी होतो. 10-46 चा सेट (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) ढिला पडतो, पिक जोरात लागला की सूर क्षणभर वर चढतो आणि दोन गिटार एकमेकींशी भांडतात. 11-49 चा सेट चढवा आणि त्यानंतर ट्रस रॉड (गिटारची मान सरळ ठेवणारी सळई), इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं), नटच्या (मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा हे सगळं बघून घ्या. जाड तार जुन्या खाचेत अडकली तर बेंडनंतर जागेवर परत येत नाही, आणि दोष मात्र ट्यूनिंग मशीनला, म्हणजे तार पिळायच्या खुंट्यांना, दिला जातो.

तारखा उलट्या मोजत या. तुळशीचं लग्न झालं की जनरेटर, साऊंड, कार्यालयं सगळं लग्नांच्या ताब्यात जातं. पौषात मुहूर्त नसतात, म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी. तेव्हा तीच माणसं मोकळी असतात आणि भावही ऐकतात. फक्त शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं त्याच सुमारास असल्यामुळे नाट्यगृह आधीच अडकवून ठेवा. दौरा पौषात, तर अल्बम डिसेंबरच्या सुरुवातीला आला पाहिजे, वितरकाकडे (गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्याकडे) फाइली त्याच्या महिनाभर आधी, आणि रेकॉर्डिंग पावसाळ्यात. गणपतीच्या दहा दिवसांत ड्रम्स ठेवू नका. स्टुडिओ कितीही बंदिस्त असो, मिरवणुकीतल्या डॉल्बीचा बेस भिंतीतून आत येतो आणि किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) माइकमध्ये बसतो.

रेकॉर्डिंगचं फार सांगत नाही, तिथे इंजिनिअर असतो. ड्रम्स, बेस आणि एक गिटार एकत्र वाजवून घ्या, जुन्या बँडची खरी ताकद त्यातच असते. गिटारचा डीआय ट्रॅक (अँपशिवाय थेट रेकॉर्ड केलेला आवाज) सोबत ठेवा, म्हणजे अँपचा आवाज नंतर बदलता येतो. गायन दिवसाला दोनच गाणी. मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची तयार फाइल, उगाच मोठ्या आवाजाने ठासून भरू नका. स्ट्रीमिंगवाले साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (सरासरी आवाज मोजायचं एकक) आसपास आणून आवाज खाली ओढतातच, मग ड्रम्सचा ठोसा गेलेला तेवढा राहतो.

खरा घोळ होतो तो दौऱ्यात, साऊंडचा आणि विजेचा. बहुतेक साऊंडवाल्यांचा सेटअप डीजेसाठी असतो: टॉप-बेस भरपूर, मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) आणि माइक कमी. त्यांना आधीच इनपुट लिस्ट, म्हणजे मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी, पाठवा. ड्रम्सचे 8, बेसचा 1, गिटारचे 2, गायनाचे 3, असे 14 चॅनेल आणि किमान चार वेगळे मॉनिटर मिक्स.

जनरेटर आला की काहीही जोडण्याआधी मल्टीमीटर लावा. फेज-न्यूट्रल 220 ते 240, न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्टच्या आत. लाइट्स पूर्ण पेटवून पुन्हा मोजा. न्यूट्रल ढिला असेल तर लोड बदलताच एखादा फेज 400 कडे चढतो आणि मिक्सर, अँप, पेडल सगळं एका झटक्यात जातं. साऊंड आणि स्टेजवरचे अँप एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर घ्या, लाइट्स दुसऱ्या फेजवर. गिटारिस्टच्या ओठाला माइक लागताच झटका बसतो, कारण अँपचं अर्थिंग एकीकडे आणि मिक्सरचं दुसरीकडे असतं. गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणीतरी देतोच. त्या पिनेला हात लावू देऊ नका. डीआय बॉक्सवरचं (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण त्या गुणगुणीसाठीच असतं. व्हॉल्व्ह अँप असेल तर प्रत्येकी 1 केव्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र), जास्तीचे फ्यूज आणि व्हॉल्व्ह गाडीत ठेवा. नांदेडला आयत्या वेळी व्हॉल्व्ह शोधत फिरायची वेळ नको.

संभाजीनगर ते जालना साधारण 60 किलोमीटर, म्हणून हे दोन कार्यक्रम लागोपाठ चालतील. त्यानंतर एक दिवस गायकाला सुट्टी द्या, मग परभणी-नांदेड, पुन्हा सुट्टी आणि लातूर.

कानांचंही बघा. 85 डेसिबल आठ तास चालतं, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 ला पंधराच मिनिटं उरतात, आणि बंद खोलीत ड्रम्सशेजारी तालीम करताना तेवढा आवाज सहज होतो. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला 2016 मध्ये कानांमुळेच दौरा अर्धवट सोडावा लागला होता. संगीतकारांसाठीचे 15 डेसिबलचे इअरप्लग तालमीपासूनच लावा. कापसाच्या बोळ्याने फक्त सिंबल मंद होतात.

उघड्या मैदानात किंवा लॉनवर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, शिवाय दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असू शकतो. जागा ठरवतानाच पोलीस ठाण्यात परवानगीचं विचारून घ्या. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवानाही लागतो. कार्यक्रम दीड तासाचा धरा. नवी गाणी चार-पाचच घ्या आणि सलग लावू नका, गळ्याला जड असलेलं गाणं मध्यावर. सगळे ज्याची वाट बघतात ते जुनं गाणं एन्कोअरला (कार्यक्रम संपल्यावर आग्रहाखातर वाजवायच्या गाण्यांत) मात्र ठेवू नका. सुरुवातीला माइक-तपासणीत वीस मिनिटं गेली की दहाच्या ठोक्याला नेमकं तेच राहून जातं.