'अटोनमेंट'चा शेवट वाचून फसवल्यासारखं वाटलं. माझं काही वाचायचं राहिलं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : इयन मॅक्युअनची 'अटोनमेंट' (म्हणजे प्रायश्चित्त) ही कादंबरी संपवली, शेवटच्या काही पानांनी फसवलं असं वाटलं, आणि तरी ओळखीतले निम्मे वाचक तिला डोक्यावर घेतात. मग आपलं काही निसटलं, की तेच उगाच भारावलेत?

शेवट फोडल्याशिवाय याचं उत्तर देता येणार नाही. ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

मी दोन्ही बाजूंना राहून आले आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक लायब्ररीचं होतं म्हणून वाचलं, नाहीतर भिंतीवर आपटलं असतं. साडेतीनशेच्या आसपास पानं आपण रॉबी आणि सिसिलियाच्या मागे मागे जातो. 1935 मधला तो उकाड्याचा दिवस, सरे परगण्यातलं टॅलिसांचं घर, नाटकं लिहिणारी सिसिलियाची तेरा वर्षांची धाकटी बहीण ब्रायनी. तिनं खिडकीतून पाहिलेला कारंज्यापाशीचा प्रसंग, तिनं वाचायला नको होती ती चिठ्ठी, आणि रात्री अंधारात मावसबहीण लोलावर अत्याचार झाल्यावर तिनं ठामपणे दिलेली साक्ष : मी त्याला पाहिलं. रॉबी तुरुंगात जातो, तिथून फौजेत, फौजेतून महायुद्धातल्या माघारीत फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्याच्या वाटेवर. नर्सिंग शिकणारी अठरा वर्षांची ब्रायनी एक दिवस लंडनमध्ये बॅलमला सिसिलियाच्या खोलीवर जाते, तिथे दोघं एकत्र भेटतात, ती माफी मागते. आपण सुटकेचा श्वास सोडतो. आणि मग 1999 साली सत्त्याहत्तर वर्षांची लेखिका ब्रायनी सांगते की रॉबी 1 जून 1940 ला ब्रे-ड्यून्सला जखम चिघळून गेला, त्याच वर्षी सिसिलिया बॅलमच्या भुयारी स्टेशनवर पडलेल्या बॉम्बमध्ये गेली, आणि ती भेट कधी झालीच नाही. तुम्ही वाचलीत ती माझी कादंबरी.

यावर कौतुक करणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं : "अहो, कादंबरीच ती, सगळंच खोटं असतं, रागवायचं काय?" हे उत्तर मला अजिबात पटत नाही. नाटकात मेलेला राजा विंगेत चहा पितोय हे प्रेक्षकाला ठाऊकच असतं. म्हणून काही तिसऱ्या अंकात त्यानं कप घेऊन रंगमंचावर यायचं नसतं. तुमचा राग रास्त आहे. उलट ज्यांना तो शेवट वाचून क्षणभरही राग आला नाही, त्यांनी पुस्तक कोड्यासारखं सोडवलं असावं असा मला संशय आहे.

पण हो, एक गोष्ट राहिली असेल. माझी तरी राहिली होती. तिसऱ्या भागाच्या शेवटी दोन अक्षरं, एक गाव आणि एक साल छापलंय : बी. टी., लंडन, 1999. बी. टी. म्हणजे ब्रायनी टॅलिस. पुढे काय होतं या घाईत मी ते सरळ ओलांडून गेले. दुसऱ्यांदा वाचताना तिथे थांबले, आणि मग उलटी मागे मागे गेले.

मागे जाताना सापडतं ते पत्र. तिसऱ्या भागात ब्रायनीची गोष्ट 'होरायझन' मासिकाकडून साभार परत येते, सोबत संपादकाचं लांबलचक पत्र, खाली सही नुसती सी. सी. (हे मासिक आणि त्याचे संपादक सिरिल कॉनली दोन्ही खरे, पत्र अर्थात मॅक्युअनचं.) तिनं पाठवलेली गोष्ट असते कारंज्यापाशी उभ्या दोन माणसांची. त्यात गुन्हा नाही, साक्ष नाही, काहीच घडत नाही. नुसता उजेड, पाणी आणि मनात उठणारे तरंग. संपादक सौजन्यानं म्हणतो, वर्णन सुंदर आहे, पण पुढे काय? हे पाहणारी ती मुलगी या दोघांच्या आयुष्यात काही अनर्थ घडवू शकेल का? ते दोघं तिच्या हाती चिठ्ठी पाठवतील का? आणि जाता जाता बारीकसारीक दुरुस्त्या : मिंग फुलदाणी इतकी मोलाची की कोण बाहेर नेईल, सेव्र किंवा निंफेनबुर्गची युरोपी चिनी माती चालणार नाही का? फुलदाणी फुटली हे त्या मुलीला कळलंच नाही असं केलं तर? आणि रोममधलं बर्निनीचं ते कारंजं पियात्सा नव्होनात नव्हे, पियात्सा बार्बेरिनीत आहे.

आता पहिल्या भागाकडे वळा. फुलदाणी मिंग नव्हे, जर्मनीतल्या माइसेनची आहे. ब्रायनीला खिडकीतून फुटणं दिसतच नाही, नुसती बहीण कपडे उतरवून पाण्यात उतरताना दिसते. कारंजं पियात्सा बार्बेरिनीतल्या कारंज्याची नक्कल आहे. म्हणजे तुम्ही आधी 'घडलेलं' म्हणून वाचलंत, त्यावर संपादकाचा हात फिरून गेलेला आहे. मला हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. पहिला खर्डा जानेवारी 1940 चा, शेवटचा मार्च 1999 चा, मध्ये आणखी अर्धा डझन. एकोणसाठ वर्षं ही बाई तोच एक दिवस पुन्हा पुन्हा लिहीत बसलीये. रॉबीच्या मनात काय चाललं होतं, लायब्ररीत त्या दोघांत काय झालं, सगळं तिचं. तिच्या हाताशी होती ती त्या दोघांची पत्रं, वॉर म्युझियममध्ये ठेवलेली. तिच्या लष्करी तपशिलातल्या चुका काढणारा एक निवृत्त कर्नलही शेवटच्या भागात येऊन जातो.

आणि तुमच्या रागाला कारण असलेली ती बॅलमची खोली? तिथलं एक बहुतेक लोक विसरतात : ते दोघं तिला माफ करत नाहीत. रॉबी तर तिच्या अंगावर धावून जाण्याच्या बेतात असतो. ते तिला कामं सांगतात : घरच्यांना खरं सांग, वकिलापुढे जबाब दे, मला सविस्तर पत्र लिही. पात्रं तिची, कागद तिचा, अडवणारं कुणी नाही; तिला वाटलं असतं तर दोन ओळींत क्षमा लिहून टाकता आली असती. तिनं त्यांना एकत्र आणलं, स्वतःला मात्र सोडवलं नाही. आधीच्या खर्ड्यांमध्ये तर तेवढीही दया नव्हती, असं ती स्वतःच सांगते. इथे मी बाजू बदलली.

अर्धी बदलली म्हणा. कारण आमच्या वाचनगटात एक निवृत्त सिस्टर आहेत, सरकारी रुग्णालयात तीसेक वर्षं काढलेल्या. त्यांना तिसरा भाग सगळ्यांत आवडला. बेडपॅन घासणं, बाहुल्यांवर आंघोळ घालायला शिकणं, डोक्याची पट्टी सोडवताना त्या फ्रेंच पोराची जखम एकदम उघडी पडणं, हे वाचून म्हणाल्या, लिहिणाऱ्यानं कुठून तरी खरं आणलंय. खरंच आणलं होतं : लुसिला अँड्र्यूज या परिचारिका-लेखिकेच्या आठवणींवरून, आणि त्यावरून 2006 मध्ये इंग्लंडात वाङ्मयचौर्याचा गदारोळही झाला. मॅक्युअननं पुस्तकातच त्यांचे आभार मानले होते, आणि त्याच्या बाजूनं एरवी कुणाला तोंड न दाखवणाऱ्या अमेरिकन कादंबरीकार टॉमस पिंचननंसुद्धा पत्र लिहिलं. माझ्या लेखी तो वाद तिथेच मिटला.

तर या सिस्टरना कादंबरीतली कादंबरी वगैरे कशाचंच अप्रूप नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं : "तिनं जाऊन सांगायला हवं होतं. बाकी सगळं लिहिणं."

यावर आम्ही खूप बोललो, पण याला तोड कुणाला सुचली नाही. आपल्याकडे प्रायश्चित्त हे घ्यायचं असतं, कुणी तरी द्यायचं असतं, आणि चारचौघांत. ब्रायनीचं प्रायश्चित्त कपाटात. खरा गुन्हेगार पॉल मार्शल आणि त्याच्याशी लग्न केलेली लोला जिवंत आहेत तोवर बदनामीच्या दाव्याच्या भीतीनं पुस्तक छापता येत नाही, आणि तोवर हिची स्मृती जाणार आहे. म्हणजे खरं बाहेर येईल तेव्हा त्याची किंमत मोजायला तिघांपैकी कुणीच नाही. आणखी एक : तुम्ही 2007 चा सिनेमा आधी पाहिला असेल तर तो बाजूला ठेवा. त्यात म्हातारी ब्रायनी टीव्हीवरच्या मुलाखतीत सगळं सांगते. पुस्तकात ती कुणालाच सांगत नाही, वाढदिवसाच्या रात्री खोलीत एकटी बसून लिहिते. सिनेमा पाहिलेले आणि पुस्तक वाचलेले ब्रायनीवरून भांडतात तेव्हा बरेचदा दोन वेगळ्या बायांबद्दल बोलत असतात.

या भांडणात हरवतो तो रॉबी. तो मोलकरणीचा मुलगा. टॅलिसांच्या पैशावर केंब्रिजला शिकलेला. तेरा वर्षांच्या मुलीचं बोलणं इतक्या चटकन खरं मानलं गेलं ते तो कोण आहे यामुळे. चॉकलेटचा कारखानदार मार्शल त्याच घरात होता, त्याच्याकडे कुणाची नजर वळली नाही. आणि मॅक्युअनची खोच बघा : रॉबी-सिसिलियासुद्धा वर्षानुवर्षं संशय धरून असतात तो डॅनी हार्डमनवर, घरातल्या नोकराच्या पोरावर. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, तरी चर्चेत मी हे फार कमी ऐकलंय.

मला न आवडलेलंही सांगते. देवासारखी सत्ता हाती असलेल्या लेखकाला प्रायश्चित्त कुठलं, हा जो परिच्छेद जवळपास शेवटी येतो, तो नको होता. ते ब्रायनी बोलत नाही, मॅक्युअन भाषण करतो. पहिला भाग संथ आहे ही तक्रारही खरी; एका दिवसाला चौदा प्रकरणं, आमच्या गटातल्या दोघांनी चौथ्यातच हात टेकले. मी त्यांना आग्रह केला नाही.

आणि "पण खरंच काय झालं?" असं विचारणारा वाचक असणारच, हे ब्रायनीनं शेवटच्या पानांत लिहून ठेवलंय, जरा कंटाळलेल्या सुरात. तुम्ही आणि मी दोघंही त्यात आलो.

पुस्तक अजून हाताशी असेल तर सगळं पुन्हा वाचत बसू नका. तिसऱ्या भागातलं ते पत्र तेवढं काढा, मग पहिल्या भागातली कारंज्याची दोन प्रकरणं वाचा, एक सिसिलियाच्या बाजूनं आणि एक खिडकीतल्या ब्रायनीच्या. अर्धा तास लागेल. राग तेवढाच राहिला तर इथे येऊन लिहा, सिस्टरना दाखवीन.