बटण बंद, तरी बल्ब मिणमिणतो

प्रश्न (लालबाग): घरात सहा जुने पिवळे बल्ब आहेत. सगळे एकदम बदलावेत का?

एकदम नको. रोज तीन-चार तासांवर जळतो तो आधी बदला. चाळीत तो बहुधा स्वयंपाकघरातला असतो. ६० वॉटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट खातो, ९ वॉटचा एलईडी जेमतेम १.३५. शिवाय वाचलेली युनिटं बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. पोटमाळ्यावरचा बल्ब महिन्यातून दोनदा लागतो, तो जाईपर्यंत राहू द्या. खोक्यावर वॉटपेक्षा ल्युमेन (उजेड किती, त्याचं माप) वाचा: जुन्या साठाच्या जागी ७०० ते ८०० हवेत. ओट्यावर ४००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) बरा, भाजीचा रंग नीट कळतो. ६५०० चा निळसर उजेड झोपायच्या खोलीत कशाला?

प्रश्न (मुलुंड): बटण बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहतो. बल्ब खराब निघाला का?

बल्ब बहुधा ठीक आहे. बटणावर लाल इंडिकेटर असेल, तर तो पेटायला लागणारा किंचितसा करंट बल्बमधूनच जातो. जुन्या तारेच्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. एलईडीच्या ड्रायव्हरमधला (बल्बच्या बुडातलं छोटं सर्किट) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, मात्र त्यावर हळूहळू भरतो आणि बल्ब मिणमिणतो किंवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो. इंडिकेटर नसलेलं साधं बटण लावलं की बहुतेक वेळा थांबतं.

इंडिकेटर नसेल तर वायरमनला बोलवा. बटण फेजऐवजी (वीज आणणारी, झटका देणारी तार) न्यूट्रल (परतीची तार) तोडतंय का, हे त्याला बघू द्या. तसं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो, आणि बल्ब बदलताना बोट लागलं तर झटका बसतो. त्यामुळे हे नुसतं मिणमिणणं समजून सोडू नका.

प्रश्न (गिरगाव): जुन्या चार फुटी ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसेल का?

बसेल, पण वायरिंग बदलून. काही एलईडी ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना एकेक; खोक्यावरची आकृती आधी बघा. मेन बंद करा, स्टार्टर काढून टाका, चोकच्या दोन्ही वायरी सोडवा आणि आकृतीप्रमाणे होल्डरला जोडा. सांधे उघडे ठेवू नका.

चूक होते ती पुढे. एका टोकाची ट्यूब उलटी बसवली तर पेटत नाही. काहींच्या दुसऱ्या टोकाच्या पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. तशी ट्यूब उलटी लागली तर थेट शॉर्ट होऊन एमसीबी (मीटरजवळचा आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. म्हणून फेज-न्यूट्रलच्या टोकाला पट्टीवर पेनाने खूण करून ठेवा. पट्टी गंजलेली असेल तर हा खटाटोप करूच नका, २० वॉटची अख्खी एलईडी बॅटन (पट्टीसकट येणारी ट्यूब) लावा. जुना तांब्याचा चोक एकटाच १० वॉटच्या आसपास खात होता, तोही सुटेल.

प्रश्न (वर्सोवा): बाथरूममध्ये काचेच्या बंद गोळ्यातला एलईडी सहा महिन्यांत जातो.

उष्णतेने. जातो तो ड्रायव्हरमधला कपॅसिटर, एलईडी नाही. दहा अंश तापमान वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि बंद गोळ्यात हवा खेळत नाही. तिथे ९ ऐवजी ५ वॉटचा लावा. होल्डरही बघा: खाऱ्या हवेने पिनांच्या स्प्रिंग काळ्या-हिरव्या पडतात, संपर्क सैल होतो आणि ठिणग्या पडतात. पॉलिश पेपरने घासत बसू नका, होल्डर बदला.

प्रश्न (दहिसर): काढताना सीएफएल हातातून पडून फुटला. काय करावं?

त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. पंखा बंद करा, खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम नको, धूळ उडते. हातमोजे घालून काचा पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत भरा. बरणी ई-कचऱ्यात द्या, रोजच्या डब्यात नाही.