नवा रेडिएटर, तरी काटा वर का?

प्रश्न : रेडिएटर नवा बसवला, तरी मुंबईहून येताना कसारा घाटात तापमानाचा काटा लालवर जातो. हीटर लावला तर गार हवा येते. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अहो, हीटरच सांगतोय, आत पाण्याच्या वाटेत हवा अडकलीय. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर. निम्मं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), निम्मं डिस्टिल्ड पाणी सावकाश ओता. बोअरचं पाणी नकोच, क्षार धरतात. इंजिन चालू करा. साधारण ८५-९० अंशांला थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की बुडबुडे येतात, पातळी झपकन उतरते, लगेच भरा. जुनं झाकण बदलाच, दाब तेच धरतं. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) तपासून घ्या. तोवर घाट नको.