परदेशातून वार्तांकन करणारा पत्रकार धोरण संशोधन संस्थेचा प्रमुख कसा होतो?

आपण पुण्यात पत्रकारितेचे शिक्षण घेत आहात आणि अमेरिकन पत्रकार स्टीव्ह कोल यांची कारकीर्द वाचून, आधी परदेशात प्रतिनिधी म्हणून काम करायचे व पुढे एखाद्या थिंक टँकचे नेतृत्व करायचे, असा मार्ग आखता येईल का, असे विचारले आहे. मी एका मराठी दैनिकाचे आंतरराष्ट्रीय पान बरीच वर्षे सांभाळले आणि नंतर इथल्याच एका संशोधन संस्थेच्या प्रकाशन विभागात आलो. त्यामुळे प्रमुखपदाचा अनुभव मला नाही, परंतु प्रमुखाचा दिवस कशात जातो हे मी जवळून पाहिले आहे.

कोल हे १९८९ ते १९९२ या काळात ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दक्षिण आशिया प्रतिनिधी म्हणून दिल्लीत होते. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या, १९९१ मध्ये राजीव गांधी यांची हत्या झाली आणि एप्रिल १९९२ मध्ये काबूलचे नजीबुल्ला सरकार कोसळले. कोणत्याही वार्ताहराला हेवा वाटावा असा तो काळ होता. त्या प्रदेशाची जी ओळख तेव्हा झाली तिच्यातून, पुढे केलेल्या प्रदीर्घ संशोधनाची जोड मिळून, २००४ मध्ये ‘घोस्ट वॉर्स’ हा सीआयए आणि अफगाणिस्तान यांच्या संबंधांवरचा ग्रंथ आला. त्याला २००५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि २००७ मध्ये कोल ‘न्यू अमेरिका फाउंडेशन’ या थिंक टँकचे अध्यक्ष झाले. एवढेच वाचले तर बातमीपत्रातून ग्रंथ आणि ग्रंथातून पद अशी सरळ चढण दिसते. पण १९९८ ते २००४ या काळात ते ‘पोस्ट’चे मॅनेजिंग एडिटर होते, हा तपशील वाचताना सहज निसटतो. एवढ्या मोठ्या वृत्तकक्षाचा रोजचा कारभार म्हणजे माणसांच्या नेमणुका, खर्चाचे वाद, रुसवेफुगवे आणि मुदतीत काम काढून घेण्याची हातोटी. संस्थेच्या नियामक मंडळाला ग्रंथामुळे नाव परिचित होते हे खरे; तरी संस्था हाती सोपवण्याचा विश्वास या सहा वर्षांमुळे येतो, असे माझे मत आहे.

दुसरे ठळक उदाहरण स्ट्रोब टॅलबॉट यांचे आहे. ऑक्सफर्डमध्ये शिकत असतानाच त्यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या आठवणींचा रशियनमधून इंग्रजी अनुवाद केला, पुढे ‘टाइम’ साप्ताहिकासाठी पूर्व युरोपातून वार्तांकन केले आणि त्याच साप्ताहिकाच्या वॉशिंग्टन कार्यालयाचे ते प्रमुख झाले. तेथून ते थेट ब्रुकिंग्ज या अमेरिकन थिंक टँकमध्ये गेले नाहीत. १९९४ ते २००१ ते अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री होते, आणि पोखरणच्या १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर जसवंत सिंह यांच्याशी ज्या १४ फेऱ्यांची बोलणी झाली त्यांत अमेरिकेची बाजू त्यांनीच मांडली. ब्रुकिंग्जचे अध्यक्षपद २००२ मध्ये मिळाले आणि ते २०१७ पर्यंत टिकले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे लेस्ली गेल्ब १९९३ मध्ये ‘कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स’ या परराष्ट्र धोरणाच्या अभ्याससंस्थेचे अध्यक्ष झाले, पण त्याआधी त्यांनीही संरक्षण आणि परराष्ट्र खात्यांत काम केले होते. वार्ताहर आणि संचालक यांच्या मध्ये माणसे, पैसा किंवा सत्ता हाताळण्याचा एक टप्पा असतो, आणि आपल्या आराखड्यात नेमका तोच दिसत नाही.

याचे कारण त्या पदाच्या स्वरूपात आहे. प्रमुखाने दिवसभर जगाच्या घडामोडींवर चिंतन करावे अशी बाहेरच्यांची कल्पना असते. प्रत्यक्षात त्याचा फार मोठा वेळ निधी उभारण्यात जातो. ज्याने आयुष्यभर बातमीच्या विषयाशी आर्थिक संबंध येऊ दिला नाही, त्याला येथे देणगीदाराच्या दारात जावे लागते, आणि हा बदल सगळ्यांना पेलत नाही. ब्रुकिंग्जला कतार सरकारकडून चार वर्षांसाठी १ कोटी ४८ लाख डॉलर मिळाल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ मध्ये छापले, तेव्हा खुलासे करण्याची वेळ एकेकाळच्या पत्रकाराच्या नेतृत्वाखालील संस्थेवरच आली. ‘न्यू अमेरिका’मध्ये कोल यांच्यानंतर, २०१७ साली, गूगलवरील युरोपीय दंडाचे स्वागत करणाऱ्या संशोधकांच्या गटाला बाहेर पडावे लागले. गूगल हा संस्थेचा देणगीदार होता. त्याच्या दबावामुळे हे घडले नाही, असे संस्थेच्या प्रमुखांनी सांगितले. ते मान्य केले तरी, बातमीदार म्हणून आपण अशा खुलाशावर पुढचा प्रश्न विचारला असता आणि प्रमुख म्हणून तोच खुलासा आपल्याला लिहावा लागतो, हा पेच शिल्लक राहतोच.

आपल्याकडे सी. राजा मोहन यांचा क्रम वेगळा आहे. ते आधी संरक्षणविषयक संशोधनात होते, मग ‘द हिंदू’चे वॉशिंग्टन प्रतिनिधी आणि सामरिक घडामोडींचे संपादक झाले, आणि २०१६ मध्ये ‘कार्नेगी इंडिया’ या थिंक टँकचे संस्थापक संचालक. भारतात निधीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च’चा विदेशी देणग्या स्वीकारण्याचा परवाना २०२४ मध्ये रद्द झाला. पुण्यात पाहिले तर १९९२ चे ‘सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड स्ट्रॅटेजिक स्टडीज’ असो किंवा २०११ चे ‘पुणे इंटरनॅशनल सेंटर’ असो, नेतृत्व निवृत्त लष्करी अधिकारी, अर्थतज्ज्ञ आणि शास्त्रज्ञ यांच्याकडे राहिले आहे. वास्तविक, वृत्तपत्र आणि संस्था एकाच माणसाने चालवण्याची परंपरा या शहराला नवी नाही. गोपाळ कृष्ण गोखले ‘सुधारका’चा इंग्रजी भाग लिहीत होते आणि १९०५ मध्ये त्यांनीच भारत सेवक समाज स्थापन केला; त्याच समाजाने १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी केली. मात्र तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे अर्थतज्ज्ञ होते, आणि पुण्याची रीत तेव्हापासून तशीच पडली असावी.

म्हणून प्रमुखपद हे ध्येय आत्ता मनात न धरलेले बरे. मराठी दैनिकांचे पगारी प्रतिनिधी परदेशांत जवळजवळ नसतातच, तेव्हा पहिली नोकरी वृत्तसंस्थेत किंवा इंग्रजी दैनिकात शोधावी आणि एकच प्रदेश निवडून त्यावर दहा वर्षे लिहावे. वृत्तकक्षात डेस्क सांभाळण्याची किंवा अंदाजपत्रक पाहण्याची संधी आली तर, लेखनाला वेळ मिळणार नाही म्हणून ती नाकारू नये. एक भाषा मात्र आजच सुरू करावी. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात पत्रकारितेच्या वर्गांशेजारीच विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग अनेक वर्षे आहे, आणि तिथे रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच यांचे अभ्यासक्रम नोकरी किंवा दुसरे शिक्षण चालू असतानाही करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.