त्यानं वर पाहिलं

प्रिय मुली,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र आलं तेव्हा तांदूळ निवडत बसले होते. सूप बाजूला ठेवलं आणि दोनदा वाचलं. चार महिने पहाटे पाचला उठून गुडघे टेकतेस, पण समोर कुणी आहे असं वाटत नाही. हे मला समजतं. पण पुढे तू लिहिलंस, "जो मला सापडलाच नाही त्याच्या मेजाशी कशी बसू?" आणि म्हणून दोन महिने चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेतला नाहीस. हे वाचून मात्र जीव कळवळला.

लूकचा 19 वा अध्याय काढ. जक्कय तुला शब्बाथशाळेपासून माहीत आहे. मुलांना आपण त्याची गोष्ट हसतखेळत सांगतो, म्हणून मोठेपणी ती पुन्हा वाचायची राहून जाते. यरीहोचा मुख्य जकातदार, गडगंज पैसेवाला. असा माणूस भररस्त्यात धावतो आणि पोरासारखा झाडावर चढतो. आत किती कासावीस झाला असेल! आपल्या मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे. उंबराच्या दाट पानांत बसलं की खालचं सगळं दिसतं, आपण मात्र कुणाला दिसत नाही. मला नेहमी वाटतं, त्याला येशू पाहायचा होता, पण स्वतः दिसायचं नव्हतं. तुझंही तसंच चाललंय, बाळ. पहाटे शोधतेस आणि रविवारी लपतेस.

तिसऱ्या वचनात जक्कय येशूला पाहायची धडपड करतो आणि दहाव्या वचनात मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशूच, हरवलेलं शोधायला आला आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, मराठीत ते कळून येत नाही. झाडावरचा शोधत होता, आणि खाली येऊन उभा राहिलेलाही शोधतच आला होता. त्यानं वर पाहिलं, नावानं हाक मारली, आज तुझ्या घरी उतरणार म्हणाला. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत, हे जक्कय बोलला ते त्यानंतर. हाक आली तेव्हा त्यानं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

असं आपलं एकटीचंच होतं असं समजू नकोस. पंडिता रमाबाईंनी लहानपणापासून आईवडिलांबरोबर पायी तीर्थक्षेत्रं पालथी घातली. दुष्काळात आईवडील गेले, तरी भावाबरोबर चालतच राहिल्या. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आणि त्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, लिहून ठेवलंय. याच आठ वर्षांत, 1889 मध्ये, त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं होतं. ती वर्षं देवानं त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं असं त्यांनीच पुढे उभारलेलं केडगावचं मुक्ती मिशन पाहिलेलं कुणी म्हणेल का?

एक घरातली गोष्ट सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असताना आईची कुडी हरवली. सारवलेली जमीन, घरात वीज नाही. आईनं आम्हा पोरांना खाटेवर बसवलं आणि पाय खाली टेकू नका म्हणून बजावलं. कंदील वर न धरता जमिनीलगत धरला. तसा धरला की बारीक खड्याचीही लांब सावली पडते. मग कोपऱ्यापासून हलक्या हातानं केरसुणी. केर सुपात घेऊन बोटांनी चाळायची, पुन्हा पुढचा कोपरा. जेवणं राहिली, रात्र झाली. कुडी उंबरठ्याच्या फटीत सापडली तेव्हा आईच्या गुडघ्यांना शेण लागलं होतं आणि ती रडत होती. दहा नाण्यांतलं एक हरवलेल्या बाईचा येशूनं सांगितलेला दाखला वाचताना मला आजही आईचे ते गुडघे दिसतात. कुडीनं काहीच केलं नव्हतं. ती नुसती फटीत पडून होती.

तू मात्र कुडी नाहीस, तुला पाय आहेत, म्हणून थोडं सांगते. पहाटेची वेळ मोडू नकोस, पण तासभर झुंजू नकोस. दहा मिनिटं बस. "प्रभू, मी इथं आहे," एवढंच म्हण. एदेन बागेत लपलेल्या आदामाला देवानं विचारलेला पहिला प्रश्न "तू कोठे आहेस?" हाच होता, त्याला हे उत्तर पुरे. काही वाटलं नाही तर वाटल्याचं सोंग आणू नकोस, साक्ष द्यायला कुणी उभं केलं तरी. आणि नीट जेव. तुझी आई सांगत होती, ताट तसंच ठेवून उठतेस. मरण मागत झुडपाखाली निजलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूतानं उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला लावलं.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर मी असते. शेजारी जागा धरून ठेवते. उशीर झाला तरी ये, गीत चालू असलं तरी आत ये.

तुझी,
बाई