डिझाइनच्या जुन्या मशीनसाठी ग्राफिक्स कार्ड घेताना: वॅट बघा आणि वॉरंटीचा कागद त्याहून नीट बघा

तुमची पोस्ट वाचली. नागपुरात महालातलं फ्लेक्स-डीटीपीचं ऑफिस, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, जुनं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड, दुपार झाली की स्क्रीनवर हिरव्या रेषा, आणि दुकानदार सांगून राहिला की सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड घेऊन टाका. धरमपेठेत माझं असंच ऑफिस आहे आणि अशाच रेषांनी माझा एक अख्खा उन्हाळा खाल्ला, म्हणून जरा लांब लिहितो.

कार्ड काढून पुसणं, ड्रायव्हर साफ करणं हे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो. फक्त एकदा कार्ड काढून मॉनिटर थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावून पाहा. तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. रेषा गेल्या तर दोष कार्डाचाच, आणि नवं येईपर्यंत कोरलचं (म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं) काम त्यावरही निघतं. घाईत खरेदी करू नका.

आरएक्स ५८० माझ्या मते तुमच्यासाठी नाहीच. ते १८५ वॅटचं कार्ड आहे. स्लॉटमधून मिळतात ७५ वॅट, बाकीचे एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या भागाच्या, वेगळ्या केबलने द्यावे लागतात. जुन्या असेंबल मशीनमधल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेलं असतं, पण खरा आकडा स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात असतो. तिथे १८ अँपियर लिहिलं असेल तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि असं कार्ड त्यात बसवायचं म्हणजे ऐन मे महिन्यात ४५ डिग्रीत मशीन बंद पडायची वाट बघणं. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि तिथली रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. सगळीच खराब नसतात, पण ऑफिसच्या मशीनवर तो जुगार नको.

मी घ्यायला सांगीन ते ७५ वॅटच्या आतलं, वेगळी केबल न लागणारं: जीटीएक्स १६५०, किंवा बजेट असेल तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, जे ७० वॅटवर चालतं. १६५० च्या काही मॉडेलना ६ पिनची केबल लागते आणि ८ जीबीचं ३०५० हे १३० वॅटचं आहे. नाव तेच, कार्ड वेगळं. डबा वाचूनच पैसे द्या. पुन्हा जीटी ७१० किंवा ७३० घेऊ नका. जीटी १०३० घ्यायचंच झालं तर डीडीआर४ मेमरीवालं नको, ते त्याच नावाच्या जीडीडीआर५ मेमरीवाल्यापेक्षा फारच संथ आहे. जीटीएक्स १०५० टीआय पूर्वी मी डोळे मिटून सांगितलं असतं, पण ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. त्यात बनावटही खूप फिरतात, जुन्या कार्डाचं बायोस (आतलं सॉफ्टवेअर) बदलून नवं नाव दिलेले. सेकंडहँड घेतलंत तर दुकानातच जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा, बनावट असेल तर ते बहुतेक वेळा तिथेच दाखवतं. तुमचा मॉनिटर व्हीजीएचा असेल तर कन्व्हर्टर लागेल, नव्या कार्डांवर ते पोर्ट नसतं.

कार्ड बदलल्याने कोरल पळेल अशी आशा मात्र फार ठेवू नका. कोरलचं बरंचसं ओझं प्रोसेसर आणि रॅमवर पडतं. माझ्या हातात पैसे असते तर आधी १६ जीबी रॅम आणि एसएसडी, मग कार्ड. फोटोशॉपला ४ जीबीचं कार्ड पुरतं. हे माझं मत आहे, व्हिडिओचं काम करणारे वेगळं सांगतील.

आता मुख्य गोष्ट. माझं कार्ड नवं होतं, पक्क्या बिलावर, तीन वर्षांच्या वॉरंटीचं. मे महिन्यात रेषा आल्या, दुकानदाराने सर्व्हिस सेंटरला पाठवलं. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने कार्ड पिशवीतून अर्धं बाहेर काढलं, सीरियल नंबर टिपला आणि जॉबशीट दिली. 'वस्तूची स्थिती' हा रकाना कोरा होता. मी विचारलं तर म्हणाला, "ते इंजिनिअर भरतात." कार्ड मुंबईला गेलं. बऱ्याच दिवसांनी मेल आला: गंज असल्याने वॉरंटी नामंजूर. सोबत एक फोटो. त्यात कार्डाच्या मागच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर, स्क्रूपाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस ठिपका.

त्या पत्र्याचं काम कार्डाला कॅबिनेटमध्ये धरून ठेवायचं. चित्र तयार होतं सर्किट बोर्डावर. बोर्डावरचा कोणता भाग गंजला, त्याचा फोटो द्या, एवढंच मी पुन्हा पुन्हा विचारलं. नागपूरवाले म्हणायचे, आम्ही फक्त कलेक्शन पॉइंट. मुंबईवाले म्हणायचे, तुमच्या सेंटरशी बोला. आपल्याकडे अर्ध्या ऑफिसांत उन्हाळाभर कूलर चालतो, हवेत ओल असते, पत्र्यावर ठिपका येणारच. तेवढ्यावर वॉरंटी नाकारायची असेल तर विदर्भात कार्ड विकताना तसं डब्यावर छापा! पोळ्यानंतरच्या मारबतीच्या सुमारास कार्ड जसंच्या तसं परत आलं. सीताबर्डीतल्या एका चिप-लेव्हल कारागिराने भिंगाखाली बोर्ड दाखवला. कुठेही गंज नव्हता, एक मेमरी चिप गेली होती. माझं आजही ठाम म्हणणं आहे की ते कार्ड त्यांनी बदलून द्यायलाच हवं होतं.

म्हणून कार्ड देण्याआधी दोन्ही बाजूंचे, पत्र्याचे आणि सीरियल नंबरचे फोटो काउंटरवरच काढा. जॉबशीटवर 'गंज नाही, तुटफूट नाही' असं लिहून सही-शिक्का घ्या. लिहीत नसतील तर तिथेच उभं राहून त्यांना फोटोंसह मेल टाका. खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारा की वॉरंटीत कार्ड तो स्वतः पाठवून परत आणून देईल का, आणि ते बिलावर लिहून घ्या. शंभर-दोनशे जास्त लागले तरी असाच दुकानदार बरा. अडलंच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने वस्तू घेणाऱ्याला ग्राहकाचा दर्जा नाही, पण स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तर आहे. फर्मच्या नावाने जीएसटी बिल घेताना सीएला हे विचारून घ्या. मी वकील नाही.

आणखी एक. नवं कार्ड एचडीएमआयने लावल्यावर काळा रंग राखाडी, धुरकट दिसला तर घाबरू नका. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज 'लिमिटेड' असेल, ती 'फुल' करा. हे न करता कोणत्याही ग्राहकाला स्क्रीनवर रंग मंजूर करायला लावू नका, छापून आल्यावर भांडण ठरलेलं. कूलरची हवाही थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

एसएमपीएसच्या स्टिकरचा आणि कॅबिनेट उघडून आतला असे दोन फोटो टाका. कॅबिनेट स्लिम असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड बसेल, आणि मग वरची यादी बरीच आखूड होईल.